कशाचं कारण मागायचं आणि काय सोडून द्यायचं

पेरणीआधी सोयाबीनची उगवण घरीच तपासायची रीत आता विदर्भातल्या बहुतेक गावांत माहीत आहे. पोत्यातलं बियाणं वरखाली करून हाताला येतील ते १०० दाणे घ्यायचे. निवडून घेतले तर तपासणी बियाण्याची राहत नाही, आपल्या नजरेची होते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, दोन दाण्यांत एक ते दीड सेंटिमीटर अंतर. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी उघडायची. धड कोंब आलेले दाणे ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६० निघाले तर ३० ला ७० नं गुणून ६० नं भागायचं, म्हणजे ३५ किलो.

समजा बरोबर ७० उगवले. मग नेमके हेच ३० का मेले? १०० मधून ३० दाणे वेगवेगळ्या प्रकारे निवडायचे म्हटलं तर ते प्रकार साधारण २९ वर २४ शून्यं इतके होतात. त्यातला एकच प्रकार तुमच्या गोणपाटावर उतरला. इतकी दुर्मिळ गोष्ट समोर घडली तरी कोणी हूं की चूं करत नाही, आणि ते बरोबरच आहे. मेलेल्या प्रत्येक दाण्याला काही ना काही कारण असणारच: कोणाला मळणीत मार बसला, कोणाचं टरफल पोतं आपटताना फुटलं. पण कारण असणं वेगळं आणि गोष्टीनं आपल्याकडे कारण मागणं वेगळं. तत्त्वज्ञानात ‘कुठल्या गोष्टी स्पष्टीकरण मागतात’ हा प्रश्न आहे तो या दुसऱ्या भागाचा.

आता मेलेले दाणे तीसच धरा, पण ते सगळ्यात खालच्या तीन अख्ख्या ओळींतले आहेत असं समजा. ही मांडणी पहिल्यापेक्षा एका शून्यानंही जास्त दुर्मिळ नाही. तीही त्या २९ वर २४ शून्यांमधली एकच. तरी आता तुम्ही गोणपाट उचलून खालची बाजू बघाल. कारण आता दुसरी हकीकत हाताशी आली: गुंडाळी उभी ठेवली, पाणी खाली उतरलं, खालचे दाणे सडले. ही हकीकत खरी असेल तर अशीच मांडणी दिसायला हवी. ‘ज्याचं त्याचं नशीब’ धरलं तर ती दिसण्याची शक्यता नगण्य. पॉल हॉर्विच या तत्त्वज्ञानं १९८२ मध्ये मुद्दा साधारण असाच मांडला: घटना नुसती अशक्यप्राय असून भागत नाही, तिला शक्य करणारी दुसरी आणि विश्वास ठेवण्याजोगी हकीकत उपलब्ध हवी. मला हे बऱ्याच अंशी पटतं. ‘विश्वास ठेवण्याजोगी’ हे सुटलं की मात्र घोटाळा होतो. ‘करणी केली’ ही हकीकतही कुठल्याही मांडणीला फिट्ट बसते. सगळ्यालाच बसते म्हणूनच ती काही सांगत नाही.

आकड्यांचंही तेच. खरी उगवण ७० टक्के असली तरी १०० दाण्यांच्या एका तपासणीत ६१ ते ७९ पर्यंतचा आकडा सहज येऊ शकतो. एका पोत्याचे ७१ आणि दुसऱ्याचे ६६ आले म्हणून दुसऱ्या पोत्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. जमलं तर आणखी १०० दाणे लावावेत. ५५ आले तर मागे लागा.

वावरात हे आणखी स्पष्ट दिसतं. उगवणीनंतर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की तूट दिसते. इथे-तिथे विखुरलेली तूट दाणा, पाखरं, वाणी किडा, ढेकूळ अशा दहा कारणांची, आणि तिच्यासाठी एकच कारण शोधत बसू नये. तासंच्या तासं, म्हणजे पेरलेल्या ओळीच्या ओळी, कोरी गेली असली तर आधी ती मोजायची. तीन फणांच्या तिफनीची मधली नळी बुजली तर दर तिसरं तास कोरं जातं: दुसरं, पाचवं, आठवं, अकरावं. कडेची नळी बुजली तर नक्षी बदलते, कारण तिफन धुऱ्यावरून उलटी फिरते आणि डावी नळी उजवीकडे येते. मग कोरी तासं पहिलं, सहावं-सातवं, बारावं-तेरावं अशी पडतात, म्हणजे दोन कोरी, चार भरली, पुन्हा दोन कोरी. नऊ फणांच्या ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राची कडेची नळी असली तर दोन कोऱ्या तासांच्या जोड्यांमध्ये सोळा भरली तासं सापडतात. ओल्या काळ्या मातीत वळणावर तिफन न उचलता मागे सरकवली की फणामागच्या नळीच्या तोंडात चिखल बसतो, आणि चाड्यात, म्हणजे वरच्या नरसाळ्यात, दाणे सोडणारीला ते वरून कळत नाही. नक्षी वावराच्या मध्येच सुरू होत असेल तर ती जिथे सुरू झाली तिथलं वळण बघावं.

यातली गंमत अशी की ‘उगवण कमी झाली’ एवढं वाक्य जवळजवळ काहीच मागत नाही. ‘मधलं तास कोरं आणि शेजारची दोन्ही भरलेली’ हे वाक्य मागतं. बियाणं तेच, ओल तीच, दिवस तोच; फरक फक्त नळीचा. प्रश्नात तुलना आली की निम्मी उत्तरं आपोआप गळतात.

हे गळणं समजायला यवतमाळचं उदाहरण घ्यावं लागतं, वाईट असलं तरी. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त माणसं गेली. तेव्हा वारंवार दिलं गेलेलं कारण: शेतकरी-मजूर हातमोजे आणि मास्क वापरत नाहीत. खरं आहे, पण ते त्याआधीच्या वर्षीही तितकंच खरं होतं. ‘फवारणीत विषबाधा होतेच का?’ याचं ते उत्तर झालं. ‘याच वर्षी इतकी का?’ याचं उत्तर त्या वर्षी जे बदललं त्यातच असणार. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, बॅटरीचे नवे पंप, असे मुद्दे म्हणून चर्चेत आले. एक सावधगिरी मात्र हवी. फरक सांगणारं कारण आणि उपाय करायची जागा एकच असेल असं नाही. मास्कमुळे त्या वर्षीचा फरक कळत नसला तरी मास्क हवाच.

आता नेमकी उलटी चूक. एका तालुक्यात दीडशे गावं आहेत आणि एका गावात दोन हंगामांत विजेनं तीन बैल गेले, असं धरा. लगेच गावाच्या जागेबद्दल बोलणं सुरू होतं. इथे १९४६ मध्ये आर. डी. क्लार्क या विमागणितीनं छापलेला हिशोब बघण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण लंडनवर पडलेले जर्मनीचे व्ही-१ हे उडते बॉम्ब ठराविक वस्त्यांवर गोळा झाल्यासारखे दिसत होते. त्यानं १४४ चौरस किलोमीटरचे ५७६ सारखे चौकोन पाडले. बॉम्ब ५३७. एकही न पडलेले चौकोन २२९, एक पडलेले २११, दोन पडलेले ९३, तीन किंवा जास्त पडलेले ४३. नेम न धरता पडले असते तर तीन किंवा जास्तवाले चौकोन साधारण ३९ अपेक्षित होते. ज्या घोळक्यांनी लोकांची झोप उडवली होती, ते नुसत्या योगायोगातही पडलेच असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हे आपल्याकडे कोणालाही माहीत आहे. पण कावळे किती आणि फांद्या किती हे मोजायचं राहून जातं.

म्हणून असा घोळका दिसला तर गावाची हद्द कुठली, काळ किती, कुठली घटना धरायची हे कागदावर लिहून काढावं आणि बाकीच्या गावांचेही आकडे मांडावेत. ज्या आकड्यांवरून शंका आली त्याच आकड्यांवर ती तपासू नये. पुढच्या हंगामाचे घ्यावेत. एवढं करूनही घोळका उरला तर तो नक्कीच काही मागतो आहे.

गावच्या शाळेच्या दाखलखारजात याची दोन्ही टोकं एकाच पानावर सापडतात. ४० पोरांच्या वर्गात कोणा दोघांची जन्मतारीख जुळायची शक्यता ८९ टक्के आहे, त्यामुळे ती जुळली तर आश्चर्य वाटून घेऊ नये. पण जुन्या रजिस्टरात दहा-बारा पोरांपुढे १ जून लिहिलेलं दिसलं तर? कुठल्याही गावकऱ्याला याचं नवल वाटणार नाही: गुरुजींनी नाव दाखल करताना वय बसवून तारीख टाकली. इथे कारण मागणारी गोष्ट आहे आणि आश्चर्य शून्य, कारण उत्तर आधीच खिशात आहे. आश्चर्य वाटणं हा स्पष्टीकरणाच्या मागणीचा चांगला मापदंड नाही, हे यातून दिसतं.

आपल्याकडच्या मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या पंडितांनी, हा प्रश्न दुसऱ्या बाजूनं धरला. देवदत्त लठ्ठ आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही. यातली कुठलीच गोष्ट एकेकटी काही मागत नाही. लठ्ठ माणसं पुष्कळ असतात आणि दिवसाचे उपासवालेही असतात. दोन्ही एकत्र खऱ्या धरल्या की अडतं, त्याला ते अनुपपत्ती म्हणतात, आणि ती सोडवायला ‘रात्री जेवतो’ हे मानावं लागतं. ही अर्थापत्ती. मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेत तिला स्वतंत्र प्रमाणाचा, म्हणजे ज्ञानाच्या साधनाचा, दर्जा; नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांच्या, मते ती अनुमानाचाच एक प्रकार. तो वाद इथे सोडू. घेण्यासारखी गोष्ट ही की मागणी एका वस्तुस्थितीत नसते, ती इतर मान्य गोष्टींशी न जुळण्यात असते. म्हणून व्यवहारात आधी दोन्ही विधानं तपासावीत. दिवसा जेवत नाही हे पाहिलं कोणी? निम्म्या चमत्कारांचं इथेच निभावतं.

या रीतीनं पाहिलं तर अगदी रोजची गोष्टही कारण मागू लागते. रात्री लाईट गेली की आभाळ काळं दिसतं, यात विचारण्यासारखं काय? पण विश्व अनंत, कायमचं आणि सगळीकडे सारखंच ताऱ्यांनी भरलेलं असेल तर नजर जाईल तिथे शेवटी एक तारा यायला हवा आणि सगळं आभाळ झगझगीत दिसायला हवं. ओल्बर्स या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं १८२३ मध्ये हे मांडलं. विश्वाला वय आहे, त्यामुळे फार दूरच्या ताऱ्यांचा उजेड अजून पोचलेलाच नाही, हा आजच्या उत्तराचा मुख्य भाग. ‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे’ या तत्त्वज्ञ लाइब्नित्सच्या प्रश्नाला मात्र मी या रांगेत बसवत नाही. तिथे शेजारचं भरलेलं तास नाही, तुलनेला दुसरं विश्व नाही. प्रश्न मोठा असेल, पण त्यावर काम करायला हत्यार मिळत नाही.

काही वेळा मागणी पक्की असते, पण दोन हकीकती बरोबरीत येतात. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, जवळजवळ गोल, आणि सगळं बसाल्टमध्ये. आजूबाजूच्या नाल्यांच्या वेड्यावाकड्या वळणांचं कोणी स्पष्टीकरण मागत नाही, या गोलाचं मात्र एकोणिसाव्या शतकापासून मागितलं गेलं. ज्वालामुखीचं मुख म्हणावं तर तेही गोल असतं, उल्केचा आघात म्हणावा तर तोही गोल खड्डा पाडतो. खडकच ज्वालामुखीचा, त्यामुळे बराच काळ पहिल्या उत्तराकडे कल होता. गोलपणा कितीही मोजला तरी निवाडा झाला नसता. निवाडा केला तो दुसऱ्याच पुराव्यानं: १९७३ मध्ये तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट असल्याचं प्रसिद्ध झालं. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड दाबाचा धक्का बसून झालेली ही काच आहे, आणि तेवढा दाब लाव्हा वर येताना तयार होत नाही.