लोड लावला की बॅटरी चढते! (बॅटरी मॉनिटर, नोंद चौथी)

मागच्या नोंदीत छाती फुगवून लिहिलं होतं, मॉनिटर (बॅटरीचं व्होल्टेज स्क्रीनवर दाखवणारा आणि ते फार उतरलं की दिवे बंद करणारा) तयार झाला म्हणून. तो शब्द मागे घेतो.

जिन्यात इन्व्हर्टरची जुनी १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यावर गच्चीतले दिवे, मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि राखणीला अर्डुइनो युनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड). मल्टिमीटर म्हणतो १२.६०, स्क्रीन म्हणते १३.०२. दिवे लावले तर मीटर १२.५२ वर उतरला आणि स्क्रीन १३.२९ वर चढली! दिवे लावून बॅटरी भरत असती तर वीजबिलाची कटकटच मिटली असती. पण माझा कटऑफ, म्हणजे दिवे बंद करायची पातळी, ११.८० ला आहे. हिशोब केला तर प्रत्यक्षात बॅटरी ११.१२ पर्यंत पिळली जात होती.

आधी शून्य तपासलं. इनपुट ग्राउंडला टेकवलं, वाचन ०. म्हणजे ऑफसेट (प्रत्येक वाचनात सारखीच मिसळणारी चूक) नाही. बेंच सप्लायवर ६.०० ला ६.२० आणि १२.०० ला १२.४० आलं. व्होल्टेज दुप्पट तशी चूकही दुप्पट, म्हणजे सरळसरळ गेन एरर. संशय डिव्हायडरवर होता (बॅटरीचं व्होल्टेज बोर्डाला झेपेल इतकं कमी करणारी रेझिस्टरची जोडी, ३० के आणि १० के, म्हणजे किलोओहम), उगाच दोन्ही रेझिस्टर काढून मोजले. ते बिचारे निर्दोष होते. मग बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर मीटर लावला : ४.८४. रिले चालू झाल्यावर ४.७१.

कोडमध्ये मी ऐटीत ५.० लिहून ठेवलेलं. युनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) काही सांगितलं नाही तर पुरवठ्याचं व्होल्टेजच रेफरन्स, म्हणजे मोजायची पट्टी, धरतो. रेफरन्स खाली गेला की तेच इनपुट जास्त काउंट (एडीसीचा आकडा) देतं. मोबाइलच्या चार्जरची बारीक, लांबलचक केबल आणि बोर्डावरचा पॉलीफ्यूज (जास्त करंट अडवणारा फ्यूज), दोघं मिळून व्होल्टेज खात होते. जाडी केबल लावून भागलं असतं, पण ते दुखणं झाकणं झालं.

आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स वापरावा का? तो पुरवठ्याबरोबर फारसा हलत नाही, पण डेटाशीटप्रमाणे १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो. माझ्या चिपवर १.०८३ निघाला. एकाच बोर्डापुरता चालेल, पण मला असे तीन करायचेत.

म्हणून बाहेरून पक्का रेफरन्स जोडायचं ठरवलं आणि शनिवारी गाठली तापकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. गाडी लावायला जागा शोधण्यातच निम्मा वेळ गेला. ‘‘काका, टीएल४३१ आणि एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर द्या.’’ काकांनी मान वर न करता विचारलं, ‘‘चार्जर दुरुस्त करताय?’’ खरंय, भंगारातल्या बहुतेक चार्जरमध्ये टीएल४३१ हा प्राणी सापडतो.

२.४९५ व्होल्टचा हा शंट रेफरन्स (स्वतःवरचं व्होल्टेज ठरावीक राखणारा आयसी) ५ व्होल्टवरून १ के मधून एरेफ पिनला (बाहेरचा रेफरन्स जोडायची पिन) जोडला. डिव्हायडर ५६ के आणि १० के केला. बॅटरी १५ व्होल्टला गेली तरी इनपुट २.२७ च्या वर जात नाही. एक सांभाळा : पहिलं अ‍ॅनालॉग वाचन करण्याआधी कोडमध्ये रेफरन्स एक्स्टर्नल करा, नाहीतर आतला आणि बाहेरचा रेफरन्स एकमेकांना भिडतात.

आणि इथे दोन संध्याकाळी गेल्या. वाचन स्थिर व्हायच्या ऐवजी सहा-सात काउंट नाचू लागलं. कोडमध्ये सरासरी वाढवली, वायरी आखूड केल्या, काही नाही. शेवटी टीएल४३१ ची डेटाशीट नीट वाचली. तिच्यात कपॅसिटरच्या किमतीचा आलेख आहे आणि मधल्या पट्ट्यात हा आयसी दोलायमान होतो. युनोच्या एरेफवर आधीच ०.१ मायक्रोफॅरॅड बसवलेला असतो, म्हणजे नेमका त्या पट्ट्यात! समांतर १० मायक्रोफॅरॅड लावला आणि नाच थांबला. आपण सगळे ‘कपॅसिटर टाक, नॉइज जाईल’ म्हणतो ना, तो इथे आधीपासूनच बसून खोडी करत होता.

उरलेली चूक रेझिस्टरच्या टॉलरन्सची (छापील किमतीपासूनच्या फरकाची) : १०.०० ला १०.०७, १४.०० ला १४.१०. कोडमध्ये ०.९९३ ने गुणलं. माझा मीटर स्वतःच अर्धा टक्का इकडेतिकडे, त्यामुळे शेवटच्या अंकाची शपथ घेणार नाही. पण आता दिवे लावले की स्क्रीन मीटरबरोबर खाली उतरते.

आनंद रात्रीपर्यंतच टिकला. बॅटरीचं तापमान उणे ६ दाखवायला लागलं. पुण्यात, एप्रिलमध्ये! थर्मिस्टरचा (तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या रेझिस्टरचा) डिव्हायडर ५ व्होल्टवर होता. आधी रेफरन्सही तोच असल्यामुळे चढउतार आपोआप कटत होता, तो मेळ मीच मोडला. आता त्याचं वरचं टोक एरेफला जोडलंय. तो घेतो जेमतेम ०.१५ मिलिअँपियर, टीएल४३१ ला जाणवतही नाही. सकाळी ३१ अंश दाखवत होता.