आमची वाटचाल : वेताळाच्या पालखीचा आवाज

निवडणुकीच्या प्रचाराच्या रिक्षा, शाळांच्या गॅदरिंगची गाणी, दुकानांच्या जाहिराती, असल्या कामांवर आमचा पुण्यातला दोन खोल्यांचा स्टुडिओ उभा राहिला. पुढे मराठी ऑडिओबुकांची कामं वाढली आणि जरा स्थिरता आली. पण आम्हाला खरी ओळख दिली ती एका श्राव्य नाटिकेनं. तिच्यासाठी वेताळाच्या पालखीचा आवाज हवा होता.

अमावास्येच्या रात्री वेताळ मशाली आणि गणगोत घेऊन फिरतो, ही कोकणातली जुनी समजूत. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, लोक आजही भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण रात्री गावाची राखण करताना त्या झिजतात. पालखीच्या गोष्टी घरोघरी आहेत, आवाज मात्र कुणाकडेच नाही. तो घडवायचा होता.

एका नटाच्या हुंकारावर भागत नाही. त्याच रेकॉर्डिंगच्या पन्नास प्रती एकावर एक ठेवल्या तर हुंकार नुसता मोठा होतो. प्रती किंचित पुढेमागे सरकवल्या की पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा ऐकू येतो. आवाजाची पट्टी (पिच) खाली उतरवली तर एकटा राक्षस बोलतो, जमाव नाही. जमावाला माणसंच लागतात. कुणाचा गळा बारीक, कुणाचा घोगरा, कुणी सूर धरायला अर्धा क्षण उशीर करणारा. त्या फरकातूनच गर्दी ऐकू येते.

‘द टू टॉवर्स’ या चित्रपटातल्या सैन्याच्या आवाजासाठी २००२ साली वेलिंग्टनच्या स्टेडियममध्ये क्रिकेट बघायला आलेल्या सुमारे २५ हजार प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या होत्या. एवढं मैदान आम्ही कुठून आणणार? आम्ही व्हॉट्सॲपवर आवाहन केलं, आणि सिंधुदुर्गापासून मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत लोकांनी हुंकार पाठवले.

पहिली अडचण फोननंच घातली. बोलण्यामागचा पंख्याचा, गाडीचा सततचा आवाज फोन आपणहून दाबतो. लांबवलेला हुंकारही त्याला तसाच वाटतो, त्यामुळे बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये माणूस दम लावून हुंकार धरून आहे आणि आवाज मात्र विरत चाललाय. मग व्हॉइस नोट बंद केली. साध्या रेकॉर्डर ॲपवर, नॉइज कमी करणारी सेटिंग काढून, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर उभं राहून रेकॉर्ड करा आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एवढं फोनवरून एकेकाला समजावलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

वेंगुर्ल्याकडच्या एका आजींनी हुंकार पाठवलाच नाही. त्या म्हणाल्या, “झिला, पालखी येता तेव्हा आवाज खयचो? कुत्रे गप जातत, ताच आयक.” आमच्या नाटिकेतला सगळ्यात भारी प्रसंग त्यांनी दिला. आधी रातकिडे आणि लांबची कुत्री ठेवली. मग कुत्री एकेक करून थांबवली, नंतर किडे, आणि त्यानंतरच हुंकाराचा पहिला थर आणला, तोही जेमतेम कानावर येईल इतका. वेतोबा राखणदार आहे, त्याला भेसूर करू नका, असं बऱ्याच जणांनी बजावलं होतं. आम्हाला ते पटलं. किंकाळी एकही वापरली नाही.

प्रत्येकाकडून परवानगी आवाजातच घेतली : या नाटिकेपुरता वापर, एआयच्या यंत्राला आवाज शिकवायला नाही. मानधन छोटं होतं, पण प्रत्येकाला दिलं आणि श्रेयनामावलीत सगळी नावं वाचली. आवाज फुकटात मिळतो म्हणून तो फुकट घ्यावा, हे आम्हाला मान्य नाही.

त्यानंतर जत्रा, बाजार, मोर्चा अशा गर्दीच्या आवाजांसाठी लोक आमच्याकडे येऊ लागले. सध्या १९८२ च्या गिरणी संपावरच्या नाटकाचं काम हातात आहे. लालबाग-परळमध्ये ज्यांनी त्या मोर्चांत घोषणा दिल्या, त्यांचे आवाज आता थकलेत. म्हणून घोषणांची लय आणि दम कुठे घ्यायचा ते त्यांच्याकडून शिकतोय, आणि रेकॉर्डिंग त्यांच्या नातवंडांचं करतोय.