वहीतली मानस

परवा रविवारी जेवण झाल्यावर गोव्यातल्या चोडण बेटावरच्या घरी सोप्यावर आडवा झालो होतो, तर शेजारीच जमिनीवर पुतणीने ड्रॉइंगचा मोठा कागद पसरला. तिची दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि विज्ञानाची उजळणी ती असल्या कागदांवर करते. मधोमध हृदय, त्यातून फुटलेल्या सहा रंगांच्या फांद्या, फांद्यांना डहाळ्या, डहाळ्यांना शब्द. याला माइंड मॅप म्हणतात, हे तिने माझे अज्ञान गृहीत धरून सांगितले. टोनी बुझान या इंग्रज लेखकाने १९७० च्या दशकात हे नाव रूढ केले, एवढे मलाही ठाऊक होते. पण डोळ्यांवर झापड असताना विद्वत्ता मिरवण्यात अर्थ नसतो, म्हणून मी नुसती मान डोलावली.

झोप उडाली ती नावांच्या रेघांमुळे. आकृतीतील भागांना नावे देणाऱ्या रेघा पट्टीने, पेन्सिलीने, समांतर आणि शक्यतो उजवीकडेच गेल्या पाहिजेत, एकीने दुसरीला छेदता कामा नये, असा माझा जुना हट्ट आहे. पुतणीच्या रेघा पावसाळ्यातल्या वेलींसारख्या वाटेल तिकडे गेल्या होत्या. बोलायला तोंड उघडले आणि मिटले, कारण फुप्फुसाकडे जाणारी धमनी तिने न चुकता निळी रंगवली होती. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा गुण तिथेच जात असे. धमनी म्हणजे तांबडी, हे एकदा डोक्यात बसले की अपवाद आठवत नाही. तसे अशुद्ध रक्तही निळे नसतेच, काळपट तांबडे असते. निळा रंग ही केवळ चित्रकाराची सोय.

आम्हांला आकृत्यांचा लळा लागला त्याचे कारण वेगळे होते. चौथीपर्यंत सगळे मराठीत शिकलो आणि पाचवीच्या पहिल्या दिवशी पुस्तके एकदम इंग्रजी झाली. परिच्छेद तीनतीनदा वाचूनही हाती काही लागत नसे. आकृतीला मात्र माध्यम नव्हते. त्यामुळे मी धडा आधी चित्रातून वाचत असे आणि बाणांवरून मजकुराचा अंदाज बांधत असे. ‘ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह’ हे हृदयातल्या झडपेचे प्रकरण तेवढे बाणांनाही दाद देईना. रक्त पुढे जाते, मागे येत नाही, हे पाठ झाले होते. ते येत का नाही, हे कळत नव्हते.

आजोबा खाजन शेतीच्या बांधावरची मानस सांभाळत. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेली नदीकाठची शेती, आणि मानस म्हणजे त्या बांधातले पाणी सोडण्या-अडवण्याचे दार. ओहोटी लागली की शेताकडचे पाणी तिची लाकडी दारे ढकलून मांडवीकडे धावे, आणि भरती चढू लागली की नदीचेच पाणी ती दारे चौकटीवर घट्ट रेटून बसवी. मिटण्याआधी दारे थोडी थरथरत, मधल्या फटीतून पाण्याची पातळ जीभ आत येई, मग ‘धप्’ असा ओला आवाज होई आणि आजोबा विडी पेटवत. कोणी दार ओढत नसे, लोटत नसे. एका संध्याकाळी तो आवाज ऐकता ऐकता मला छातीतली झडप कळली. हृदयाचे ठोके म्हणून आपण जे ऐकतो ते झडपा मिटण्याचेच आवाज असतात. मानस भरतीगणिक एकदा, म्हणजे दिवसाकाठी साधारण २ वेळा मिटते. छातीतली झडप मिनिटाला ७०-७२ वेळा. घरी येऊन मी आकृतीत त्या अवघड नावापुढे देवनागरीत ‘मानस’ लिहिले. सरांनी तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह काढून वही परत दिली.

विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरण मांडले त्या पुस्तकात हृदयाचे चित्रच नाही, असे पुढे वाचनात आले. चित्रे आहेत ती दंडाला पट्टी आवळलेल्या हाताची, ज्यावर शिरांतल्या झडपांच्या गाठी उठून दिसतात. कोणाच्याही अंगावर दाखवता येईल असे काहीतरी त्याने निवडले होते. ते प्रश्नचिन्ह त्या दिवशी मी मनातल्या मनात खोडले.

आजोबांना उतारवयात दम लागू लागला. पणजीच्या डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीमागे बॉलपेनने चार कप्पे काढले, डावीकडची झडप नीट मिटत नाही असे सांगितले आणि एक उलटा बाण काढायला घेतला. तो पुरा होण्याआधीच आजोबा म्हणाले, “म्हणजे फळी कुजली. खारे पाणी आत येते.” डॉक्टरांचे पेन तिथेच थांबले. ती चिठ्ठी आईने बरीच वर्षे देवघराच्या खणात ठेवली होती. तिच्यावर एकही नाव नव्हते, नावाची रेघही नव्हती.

पुतणीला मी मानशीपुरते सांगितले, चिठ्ठीचे सांगितले नाही. “काका, ह्याला मार्क नाहीत,” ती म्हणाली. रोज फेरीबोटीने रायबंदरला जाणाऱ्या या मुलीने घरापासून दहा मिनिटांवरची मानस मिटताना एकदाही पाहिलेली नाही. तरीही कागदाच्या कोपऱ्यात तिने वाटीएवढी जागा मोकळी सोडली आणि भरती किती वाजता असते ते विचारले. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडावर सांगत. मला आज तिथी कोणती, तेच ठाऊक नव्हते.