घरच्या मशीनवर शिवलेली गोल्फ क्लबची चामडी कव्हरं

गोल्फ खेळायच्या काठीला क्लब म्हणतात, आणि त्यातला सगळ्यात लांब फटक्याचा तो ड्रायव्हर. माझ्या ड्रायव्हरसोबत जे कव्हर आलं होतं ते रेक्झिनचं. पुण्याच्या पावसाळ्यात बॅगेत ओलसर राहून राहून शिवणीपाशी त्याचे पोपडे निघायला लागले आणि त्यातला भुगा क्लबच्या डोक्याला चिकटायला लागला. चांगल्या चामड्याचं एक कव्हर घ्यायचं तर काही हजार मोजावे लागतात, आणि मला एक नाही, तीन हवी होती. घरात उषाचं मशीन आहे, ब्लाउजपासून प्रवासाच्या पिशव्यांपर्यंत सगळं मी त्यावर शिवते. चामडंही शिवून बघू, असं ठरवलं. हे सगळं कसं जमत गेलं ते सविस्तर लिहितेय, कारण मराठीत या विषयावर मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

आधी कव्हर कशासाठी लागतं ते सांगते. गोल्फच्या बॅगेत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात. त्यातल्या आयर्नना, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबना, सहसा कोणी कव्हर घालत नाही. ड्रायव्हर आणि त्याचे धाकटे भाऊ शोभतील असे फेअरवे वुड आणि हायब्रिड हे क्लब, यांची डोकी मोठी, आतून पोकळ आणि वरून रंगवलेली असतात. चालताना बॅग हिंदकळते, आयर्न एकमेकांवर आपटतात आणि या डोक्यांवरचे टवके उडतात. त्याहून जपायचा असतो तो डोक्यालगतचा ग्राफाइटचा दांडा. आयर्नच्या कडेने त्यावर खोल ओरखडा पडला तर पुढे दांडा तिथेच मोडायची भीती असते. म्हणून कव्हरचा गळा लांब हवा. आखूड गळ्याची कव्हरं दिसतात छान, पण काम अर्धंच करतात.

सासरे लष्करात होते, त्यांच्या वेळचा एक लाकडी डोक्याचा क्लब अजून आमच्या माळ्यावर आहे. ते लाकूड पर्सिमनचं. आपल्याकडच्या ज्या टेंभुर्णीच्या पानांच्या विड्या वळतात ती याच कुळातली. 1979 साली स्टीलचे ‘मेटलवुड’ बाजारात आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लाकूड मागे पडलं. लाकडी डोक्याला ओल लागली की ते फुगायचं, वार्निश तडकायचं, त्यामुळे तेव्हा कव्हर म्हणजे निव्वळ हौस नव्हती. आजच्या टायटॅनियमला पाण्याचं भय नाही. जपायचं ते आघातापासून, आणि म्हणून माझ्या लेखी बाहेरच्या चामड्याइतकंच आतलं अस्तर महत्त्वाचं आहे.

चामडं निवडण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं सोनं झालं. मनात पहिल्यापासून कोल्हापूर होतं. तिथलं चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याचा तो मधासारखा रंग आणि वास मला फार आवडतो. कोल्हापूरला गेले तेव्हा नमुन्याला जुनं कव्हर सोबत नेलं आणि चपला बनवणाऱ्या एका काकांना दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन आतबाहेर केलं, शिवण चाचपली, आणि म्हणाले, “ताई, हे आमचं चामडं गळ्याला ठीक हाय, डोक्याला नको. शिवून उलटं करायला गेलासा तर चिरा पडत्यात बघा.” त्यांचं म्हणणं पटलं. कव्हर उलट बाजूने शिवून मग सुलटं करावं लागतं, आणि चपलेचं जाड, कडक चामडं तेवढं दुमडत नाही. त्यांच्याकडून गळ्याच्या पट्ट्यांपुरता एक तुकडा घेतला आणि दोन सुयांचा टाका तिथेच बसून शिकले.

मुख्य भागासाठी बकरीचं चामडं घेतलं, धारावीच्या लेदर मार्केटमधून. ते क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं. कापलेली कड निरखून पाहिली तर बऱ्याचदा मध्ये निळसर-करडी रेघ दिसते, त्यावरून ओळखू येतं. हे चामडं मऊ असतं, पाण्याला बऱ्यापैकी टिकतं आणि घरच्या मशीनला झेपतं. जाडी एक मिलिमीटरच्या आत हवी. त्याहून जाड असेल तर दोन थर जमतात, पण जिथे चार थर एकत्र येतात तिथे मशीन बसतं. चामडं चौरस फुटावर विकतात आणि कातडं अख्खं घ्यावं लागतं. पाच चौरस फुटांच्या आसपासच्या एका कातड्यात माझी तिन्ही कव्हरं जेमतेम बसली. विकत घेताना कातडं उजेडाकडे धरून बघावं, बारीक भोकं लगेच दिसतात. आणि चारी बाजूंनी ओढून बघावं. पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा भाग रबरासारखा ताणतो. पोटाकडच्या भागाचं कव्हर काही महिन्यांत पिशवीसारखं लोंबतं. तिथले तुकडे मी फक्त कव्हरवर लावायच्या क्लबच्या आकड्यांसाठी वापरले.

आता साचा. ड्रायव्हरचं डोकं नियमाने 460 घनसेंटीमीटरपेक्षा मोठं असू शकत नाही, आणि बहुतेक आधुनिक ड्रायव्हर या मर्यादेला टेकलेलेच असतात. फेअरवे वुड आणि हायब्रिड त्याहून बरेच लहान. त्यामुळे तिन्हींचे साचे वेगळे करावे लागतात, एकच साचा लहान-मोठा करून भागत नाही. मी डोक्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळली, तिच्यावर मास्किंग टेपचे थर दिले आणि पेनाने रेघा आखल्या. मधून एक लांब पट्टी, जी कव्हरच्या पुढच्या बाजूने वर जाऊन माथ्यावरून मागे उतरते, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन बाजू, एक डोक्याच्या चेहऱ्यावर (म्हणजे चेंडूवर बसणाऱ्या बाजूवर) आणि एक पाठीवर. मग ब्लेडने रेघांवरून कापून टेपचं ते टरफल उतरवलं आणि पुठ्ठ्यावर सपाट केलं. गोलाईचा भाग सपाट होताना कडा फाकतात. तेवढी फाक पुठ्ठ्यावर आखून घ्यायची, तोच गोलाईचा हिशेब.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. टेपचं टरफल डोक्याच्या अंगाबरोबर असतं, म्हणजे माथ्याकडे गोल, मध्ये रुंद आणि दांड्याकडे निमुळतं. साचाही तसाच कापला तर कव्हर दिसेल सुरेख, पण डोकं आत शिरणारच नाही, कारण चामडं कापडासारखं ताणत नाही. म्हणून जिथे घेर सगळ्यात मोठा, तिथून खाली साचा आत वळवायचा नाही, सरळ उतरवायचा. माझ्या ड्रायव्हरचा मोठा घेर साधारण चौतीस सेंटीमीटर भरला. अस्तराची जाडी आणि थोडा सैलपणा धरून तोंड अडतीसचं ठेवलं. गळा बारीक करायचं काम इलॅस्टिकवर सोडलं.

दुसरं म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच ठेवल्या. ड्रायव्हरचा चेहरा सपाट असतो आणि पाठ फुगीर, म्हणून दोन वेगळ्या बाजू कापायचा मोह होतो. पण मग कव्हर घालताना प्रत्येक वेळी पुढचं-मागचं बघत बसावं लागेल. फुगीर बाजूचं माप दोन्हीकडे घेतलं, आता कसंही घातलं तरी बसतं.

साचा तपासायला आधी जुन्या जीन्सचं कव्हर शिवलं. जीन्सची जाडी या चामड्याच्या जवळ जाते, त्यामुळे अंदाज खरा येतो. पट्टीची लांबी आणि बाजूच्या गोलाईची लांबी शिवणीच्या रेघेवर मोजायची, कापलेल्या कडेवर नाही. सहा मिलिमीटर मार्जिन धरलं तर गोलाईवर या दोन मापांत चांगलाच फरक पडतो. मी दोऱ्याने मोजून घेतलं.

चामडं कात्रीने न कापता धारदार रोटरी कटरने कापलं. चामड्याच्या मागच्या बाजूला चांदीच्या रंगाचं पेन चालतं. एक बाजू कापली की दुसरीसाठी साचा पालथा घालायचा. टाचण्या चालत नाहीत, कारण चामड्यात पडलेलं भोक भरून येत नाही. कागदाची घडी मध्ये घालून वर क्लिपा लावल्या. कागद नसला तर क्लिपेचा वळ उठतो.

शिवण्याआधी मधल्या पट्टीवर क्लबचा आकडा बसवून घेतला, कारण पट्टी सपाट आहे तोवरच ते सोपं. मशीनला चामड्याची सुई लावली, अठरा नंबरची. तिचं टोक पात्यासारखं असतं, ती चामडं चिरत जाते. टाका चार मिलिमीटरवर ठेवला. टाके फार जवळ पडले तर भोकांची रांग होते आणि तिथूनच चामडं फाटतं. त्याच कारणाने शेवटी उलट टाकाही मारायचा नाही. दोऱ्याची टोकं मागच्या बाजूला ओढून हाताने गाठ मारायची. मशीनच्या दाबपट्टीचं (प्रेसर फूटचं) लोखंड चामड्याला चिकटतं, म्हणून टेफ्लॉनची दाबपट्टी लावली. ती नसेल तर ट्रेसिंग पेपरची पट्टी वर ठेवून शिवावं आणि नंतर फाडून टाकावी. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ओल धरतो आणि कुजतो.

शिवण माथ्याच्या मध्यापासून सुरू केली आणि एकेका अंगाने गळ्याकडे उतरले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेलं तर खालचा थर हळूहळू सरकतो आणि कव्हर पीळ खातं. गोलाईवर पायडलचा नाद सोडून हाताने चाक फिरवलं, टाका टाका करून. मग मार्जिनला छोट्या खाचा दिल्या, शिवणीला धक्का न लावता. मार्जिन रापीने (चामडं छिलायच्या सुरीने) छिलून पातळ केलं, दोन्हीकडे उघडून रबर सोल्युशनने चिकटवलं आणि खलबत्त्याच्या दांड्याने ठोकून बसवलं. या ठोकण्याने शिवण इतकी सपाट होते की सुलट बाजूने पाहिल्यावर घरी शिवलंय असं वाटत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

अस्तराला जाड फ्लीस घेतलं. ते चामड्यापेक्षा किंचित लहान कापावं, नाहीतर आत चुण्या पडतात. अस्तराच्या एका शिवणीत हात जाईल एवढी जागा उघडी ठेवली, सुलट बाजूला सुलट बाजू लावून दोन्ही गळ्याशी जोडली आणि त्या फटीतून सगळं बाहेर ओढलं. फट बुजवण्यापूर्वी एक काम करायचं. तिच्यातून हात घालून अस्तराचा माथा आणि चामड्याच्या शिवणीचं मार्जिन यांना हाताने चार टाके घालून एकमेकांना जखडायचं. तसं केलं नाही तर क्लब बाहेर काढताना अस्तर त्याच्याबरोबर उलटं होऊन बाहेर येतं. विकतच्या कव्हरांतही हे होताना मी पाहिलं आहे.

इलॅस्टिक गळ्याच्या आतून ताणून झिगझॅगने बसवलं. त्याच्या खाली कोल्हापूरच्या चामड्याची पट्टी हाताने शिवली. आरीने भोकं पाडायची, शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्यायचा, त्याला मेण लावायचं आणि दोन्ही टोकांना सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. मशीनचा टाका एका जागी तुटला तर पुढे उसवत जातो. या टाक्यात एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. ही पट्टी गळ्याभोवती पूर्ण फिरवायची नाही, फक्त समोरच्या बाजूला. पूर्ण फिरवली तर इलॅस्टिक ताणणार कसं! पट्टी समोर असली की बोटांना धरायला जागाही मिळते.

खरी परीक्षा येरवड्याच्या कोर्सवर झाली. आमची बॅग वाहणाऱ्या कॅडीदादांच्या एका हातात छत्री होती. दुसऱ्या हाताने त्यांनी कव्हर ओढलं, ते निघालं, पण झटका द्यावा लागला. “मॅडम, गळा अजून जरा ढिला करा,” ते म्हणाले, “एका हाताने अलगद निघालं पाहिजे. आणि इथे कडी लावा, बॅगेला अडकवता येईल. टीवर विसरून राहतात ना ही.” टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा. दोन्ही सूचना मोलाच्या होत्या. एका फेरीत ही कव्हरं कितीदा तरी काढली-घातली जातात, आणि ते काम करणाऱ्या हातांना जे कळतं ते मला शिवणाच्या टेबलावर बसून कळलं नसतं. फेअरवे वुड आणि हायब्रिडच्या कव्हरांना इलॅस्टिक कमी ताणून लावलं, आणि तिन्हींना पितळी कडी बसवली.

पावसाळ्यात जपावं लागतं ते बुरशीपासून. खेळून आल्यावर कव्हरं काढून पंख्याखाली ठेवते, अस्तर उलटं निघत नसल्याने तोंडात वर्तमानपत्राचा बोळा घालून. उन्हात कधीच नाही, चामडं कडक होऊन तडकतं. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावी, मग किंचित मेणाचं पॉलिश. कोल्हापुरी पट्टीला हात लागून लागून गडद रंग चढत चाललाय आणि तो मला नवेपणापेक्षा आवडतो.

सध्या पुटरचं, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलायच्या क्लबचं, कव्हर कापायला घेतलंय. त्याचं डोकं चपटं असल्याने दोन बाजू आणि वर मिटणारी झडप एवढंच लागतं, पण झडपेत आणि अंगात चुंबक बसवायचे असतात. चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये चिकटवण्यापूर्वी ते एकमेकांना लावून बघायचे आणि दोन्ही चुंबकांच्या बाहेरून दिसणाऱ्या बाजूवर मार्करने खूण करायची. सोल्युशन सुकल्यावर चुंबक फिरवता येत नाही.