पहिल्या पिढीची मियाटा: १४ इंचावरून १५ इंचावर, टायरांची निवड

गाडी माझदा एमएक्स-५ (हिचंच दुसरं नाव मियाटा), पहिली पिढी, १.६ लिटर. सस्पेन्शन उरकलं, आता पाळी टायरांची. कंपनीचं माप १८५/६० आर१४, म्हणजे टायरची रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिमचा व्यास १४ इंच. रिम साडेपाच इंच रुंद. या मापात साधे टायर मिळतात, पण खरी पकड देणाऱ्या स्पोर्ट टायरांची निवड फारच तोकडी आहे. म्हणून १५ इंच.

दोन मापं समोर होती. १९५/५० आर१५ चा व्यास ५७६ मिमी, मूळ टायरचा ५७७.६. स्पीडोमीटर आणि गिअरिंग जसंच्या तसं राहतं. २०५/५० आर१५ भरतो ५८६ मिमी, म्हणजे साधारण दीड टक्का मोठा. तेवढ्याने गिअर लांबल्यासारखा वाटत नाही. कौल २०५ ला दिला, कारण अमेरिकेतली स्पेक मियाटा शर्यत याच मापावर, सात इंची रिमवर चालते आणि या मापात चिकट टायरांची निवड भरपूर आहे.

रिम १५×७ इंच, ४×१०० (चार नट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), ऑफसेट (रिमचा मध्य आणि हबला, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागाला, टेकणारी बाजू यांतलं अंतर) +३० मिमी. ऑफसेटचा हिशेब रिम मागवण्याआधीच करा. मूळ रिम +४५ ची होती. नव्या रिमची बाहेरची कड ३४ मिमी बाहेर येते, आतली फक्त ४ मिमी आत सरकते. त्यामुळे धोका आतल्या बाजूला नाही, मागच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आतल्या कडेला आहे. गाडी खाली बसवलेली असेल तर ती कड दुमडून घ्यावी लागते. पुढच्या चाकांसाठी स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर फेंडरच्या आतल्या लायनरला घासतो का ते बघायचं. हबचा व्यास ५४.१ मिमी, रिमचं भोक मोठं असेल तर मधली फट भरणारी सेंटरिंग रिंग हवीच. ती नसली की वेगात स्टीअरिंग थरथरतं आणि लोक उगाच पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात.

आता मुख्य प्रश्न, रबर कोणतं? टायरच्या बाजूवर छापलेला ट्रेडवेअरचा आकडा (जितका मोठा, तितका टायर उशिरा झिजतो) प्रत्येक कंपनी स्वतःच जाहीर करते, म्हणून एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० सारखे समजू नका. २०० च्या गटात ब्रिजस्टोन आरई-७१आरएस आणि फाल्कन आरटी६६० लवकर तापून पकड धरतात. हँकूक व्हेंटस आरएस४ ला तापायला वेळ लागतो, पण ट्रॅकवर सलग फेऱ्या मारताना तो जास्त टिकतो. गाडीचं वजन साधारण हजार किलोच्या आत. इतकं कमी वजन टायरला पटकन तापवत नाही, आणि रस्त्यावर कोरडा कोपरा चार सेकंदांत संपतो. म्हणून रोजच्या रस्त्यासाठी आम्हाला ३४० ट्रेडवेअरचा फायरस्टोन फायरहॉक इंडी ५०० जास्त पटतो. खोल खाच्यांमुळे तो पावसात पाणी चांगलं बाहेर फेकतो. २०० गटातला अर्धा झिजलेला टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो, आणि ही गाडी मागून घसरायला फार वेळ लावत नाही. दोन्ही प्रकार उन्हाळी आहेत. ७ अंशांखाली रबर कडक होतं. थंड देशांत राहणाऱ्यांनी हिवाळ्यासाठी वेगळा संच ठेवावा. गोठत्या थंडीत उन्हाळी टायर वाकवला तर तो तडकूही शकतो.

विकत घेताना टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. चारही टायर जवळपासच्या तारखांचे घ्या. लोड इंडेक्स मूळच्या ८२ पेक्षा, म्हणजे टायरमागे ४७५ किलोपेक्षा, कमी नको. टायर रिमवर चढवताना, बाण असेल तर फिरण्याची दिशा त्याप्रमाणे, आणि ‘आउटसाइड’ लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर.

कंपनी थंड टायरला २६ पीएसआय हवेचा दाब सांगते. नव्या मापात सुरुवात २८ वर, चारही सारखे. टायरच्या खांद्यावर (रस्त्याला टेकणारा भाग आणि बाजू मिळतात त्या कडेवर) पांढऱ्या खडूची रेघ ओढून जोरात वळणं घ्या. रेघ बाहेरच्या बाजूला पूर्ण पुसली आणि साइडवॉलही घासली, तर हवा कमी आहे. खांद्यावरची रेघ तशीच राहिली तर जास्त. एका वेळी एकच पीएसआय बदला. मापन नेहमी थंड टायरवर.

नट १२×१.५, आवळणी ९० ते ११८ न्यूटन मीटर, समोरासमोरच्या नटांच्या क्रमाने, हाताने टॉर्क रेंच लावून. इम्पॅक्ट गनने आवळल्यास स्टड (नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) ताणले जातात. टायर साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं तेल पृष्ठभागावरून जाईपर्यंत, पहिले दोन-तीनशे किमी, सौम्य चालवायचं. १०० किमीनंतर नट पुन्हा तपासायचे. त्यानंतरच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं): पुढे उणे १ अंश, मागे उणे १.५ अंश कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं) अगदी किंचित आत. चालकाच्या वजनाएवढं ओझं सीटवर ठेवून माप घेतलं तरच आकडे खरे येतात.