चैत्रातला पाऊस आणि गावचा सप्ताह

ठाणे-बेलापूर पट्टीतल्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह चैत्रात का बसतो, हे पंचांगापेक्षा भातशेतीकडे बघून लवकर कळतं. मळणी कधीच आटोपलेली असते, वाल उपटून अंगणात आलेला असतो आणि पेरणीला अजून दीड-दोन महिने असतात. घरात दाणा आहे, अंगाला काम कमी आहे. रामनवमीला वीणा उभी करायची आणि हनुमान जयंतीपर्यंत सात दिवस भरायचे. नवमी ते पौर्णिमा, सात तिथी. मधली एखादी तिथी क्षय पावली तर वीणा आदल्या दिवशी उभी राहते, एवढंच. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, शेतं गेली, गावठाणाला चहूकडून इमारतींनी वेढलं. सप्ताहाचा मुहूर्त मात्र अजून शेतकऱ्याचाच आहे.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे चैत्रात पाऊस नसतो. ज्या वर्षी तो येतो, त्या वर्षीचा सप्ताह गाव कधी विसरत नाही.

त्याची चाहूल पाडव्यालाच लागे. गुढीची साखरेची गाठी आभाळ भरून आलं की चिकट व्हायची, म्हणून घराघरांतून ती आधी आत यायची आणि गुढीला नुसती कडुलिंबाची डहाळी उरायची. मोहोरावर भुरी, तुडतुडे. अंगणात पसरलेल्या वालावर काळे डाग. पण शेतकऱ्याचा जीव खरा अडकायचा तो राबात, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजण्यात. रोपांच्या जागेवर खाली शेणी, त्यावर झाडांची टहाळं, मग पेंढा आणि पातेरा, सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. पेटवायचं वाऱ्याच्या उलट अंगाने, म्हणजे आग धावत नाही, मुरत जाते. तणाचं बी जळतं, जमीन भुसभुशीत होते, राख मिळते. एकराच्या लावणीला साधारण चार गुंठे राब लागतो. पाऊस पडला की वरची माती थापली जाते, आत हवा शिरत नाही, धूर कोंडतो आणि आग मध्येच बसते. अर्धवट भाजलेल्या जागी रोपांच्या आधी तण उठतं. पुन्हा भाजायचा तर थर उकरून दोन-चार कडक उन्हं द्यायची, आणि नेमक्या त्याच दिवसांत पहाऱ्याची, म्हणजे वीणा घेऊन उभं राहायची, पाळी.

म्हणून पहाऱ्याची यादी करणं हे मंडळातलं सगळ्यात जोखमीचं काम. सात दिवसांचे १६८ तास. दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पाळ्या. वीणा या काळात खाली टेकत नाही, उभ्या माणसाकडून उभ्या माणसाकडे जाते. राब सकाळी किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना पेटवतात, म्हणून ज्यांचा राब राहिला त्या घरांना दुपार द्यायची. रात्री बारा ते चार तरण्यांना. आता राबाची जागा कंपनीच्या पाळीने घेतली आहे. रबाळे-महापेकडून रात्री अकराला सुटणारा माणूस घरी जेवून बाराला वीणा घेतो. यादी करणाऱ्याची डोकेदुखी तीच.

पारायणाचं वेळापत्रकही दिसतं तेवढं सोपं नाही. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय सात दिवसांत बसवताना अध्याय मोजून चालत नाही, ओव्या मोजाव्या लागतात. एकूण नऊ हजारांच्या वर, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. पहिल्या दिवशी चार अध्याय सहज होतात, तेरावा एकटाच एक दिवस खातो, आणि अठरावा तर अठराशेच्या पुढे. तो सगळा शेवटच्या दिवशी ठेवला की जेवणाची पंगत तीन वाजता बसते. शहाणे लोक त्याला सहाव्या दिवशीच हात घालतात. पत्र्याच्या मंडपावर पावसाचा मारा सुरू झाला की पुढच्यांची ओवी मागच्यांना ऐकू जात नाही आणि वाचन दोन तुकड्यांत फाटतं. अशा वेळी व्यासपीठ चालकाने आवाज न चढवता दर पाच ओव्यांना ओवीचा आकडा पुकारावा. दोन मिनिटांत सगळे एका ओळीवर येतात.

आभाळ गडगडलं की गावात पहिली हाक मात्र पोथीसाठी नसे. "पानी आला, मृदुंग झाका!" चामड्याला दमट हवा सोसत नाही. पुडी, म्हणजे तोंडावर ताणलेलं चामडं, सैल पडते, सूर उतरतो. वादक वाद्यांतले लाकडी गठ्ठे ठोकून तो चढवतो, पण ऊन पडताच तीच पुडी ताणते आणि फाटायला येते. पावसाच्या दिवसांत सूर थोडा उतरता ठेवून गायकांनाच खाली यायला सांगावं, हे बरं. उजव्या तोंडाची शाई, म्हणजे मधला काळा लेप, ओली हवा लागली की कडेने सुटते. चुलीजवळ ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय. कोरड्या कापडात गुंडाळून बल्बच्या उबेला हातभर लांब ठेवावा. डाव्या तोंडाला लावायची कणीक नेहमीपेक्षा घट्ट भिजवावी आणि कीर्तन संपताच खरवडून काढावी, नाहीतर रात्रीत आंबते आणि उंदरांना आमंत्रण मिळतं.

स्वयंपाकाचं माप पावसाने बिघडतं ते वेगळ्याच तऱ्हेने. हजार पानांना शंभर किलो तांदूळ, आमटीला पंचवीस-तीस किलो तूरडाळ, हे ठरलेलं. पण पावसाच्या रात्री शेजारगावची दिंडी येत नाही, आणि शिजलेला भात त्या उकाड्यात सकाळपर्यंत आंबतो. म्हणून साठ किलोचा भात आधी चढवायचा, उरलेला हरिपाठाला किती माणसं बसली ते बघून. भाकऱ्यांचं पीठही त्या दिवसांत सादळतं. उकडीला पाणी नेहमीपेक्षा कमी घालायचं, हे गावातल्या आयांना सांगावं लागत नाही. काल्याच्या लाह्यांचीही तीच गत. दोन दिवस आधी आणलेल्या लाह्या काल्याच्या दिवशी चामट होतात, त्या मोठ्या कढईत कोरड्याच परताव्यात आणि दही अगदी हंडी फुटायच्या वेळी घालावं.

आगरी-कोळी घरांत सात दिवस मासळी शिजत नाही. खाडीकाठच्या गावाला हे सोपं नाही, आणि पावसाळी हवेत तर नाहीच. काल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीवालीच्या टोपलीभोवती जी गर्दी होते, तिच्याबद्दल महाराज मंडळी कीर्तनात बोलतात, आणि सगळ्यात मोठ्याने हसतात ते माळकरीच.

मंडपाचं काम काल्यानेही संपत नाही. ताडपत्रीला उतार कमी पडला की मधे पाण्याचा फुगा धरतो. तो खालून बांबूने ढकलला की पाणी थेट व्यासपीठावर. त्यापेक्षा मधला वासा आधीच दीड-दोन फूट उंच घ्यावा आणि मंडपाभोवती वीतभर खोल चर खणावा. आणि ताडपत्री ओली असताना घडी घालायची नाही. ती मारुतीच्या देवळाच्या कठड्यावर दोन्ही बाजूंनी वाळवायची, शिवणीत बोट घालून ओल बघायची, मगच माळ्यावर चढवायची.