खंडेनवमीची प्रयोगशाळा

नवरात्र लागलं की परळच्या त्या जुन्या इमारतीत पहिली चौकशी झेंडूची नसायची, सिलिंडरची असायची. मेंदू श्वास कसा चालवतो याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा कार्बोजेनवर जगते. ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असं ते मिश्रण. सात घनमीटरचा जम्बो सिलिंडर मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने सुमारे २३० तास पुरतो. पण दसऱ्याच्या सुट्टीत टेम्पो येत नाही. म्हणून अष्टमीला प्रयोगशाळेतले मामा सिलिंडरच्या स्पिंडलला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचे. रेग्युलेटरच्या आट्यांना कोणी तेलाचा हात लावला नाही ना, हेही तपासायचे, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. काट्याचा आकडा फळ्यावर लिहायचे आणि मगच विचारायचे, "मॅडम, दादरहून फुलं किती किलो आणू?"

विभागाच्या मित्रमंडळाची खंडेनवमी म्हणजे वर्षातला एकच असा दिवस, की निवृत्त झालेले, नोकरीसाठी पांगलेले आणि सध्याचे असे सगळे त्या दोन खोल्यांत मावायचे. मावायचे म्हणजे अर्धे जिन्यात उभे असायचे. शोधनिबंधावर ज्यांची नावं छापली जातात ती माणसं त्या दिवशी ताटं वाढायची. ज्यांची कधीच छापली जात नाहीत ती खुर्चीवर बसायची. ही रीत कोणी घातली ते माहीत नाही, पण ती मोडलेली कोणी पाहिली नाही.

पूजेचे नियम मात्र कडक. यंत्रांना हळद-कुंकू नाही. कुंकवाची पूड मायक्रोमॅनिप्युलेटरच्या ग्रीसमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखी घासते, आणि मग मायक्रॉनभर सरकायला सांगितलेली सुई दहा मायक्रॉन उडी मारते. उदबत्ती जिन्यात, कारण तिचा धूर भिंगावर बसतो. मुंबईच्या दमटपणात त्यावर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. म्हणूनच भिंगं वर्षभर सिलिका जेलच्या डब्यात असतात, आणि निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये वाळवायचे. नारळ खाली अंगणात फोडायचा. बाहेरची विजेची गुणगुण अडवणाऱ्या पिंजऱ्याच्या, म्हणजे फॅरडे केजच्या, तांब्याच्या जाळीला हार घालायची मुभा होती, पण ओले हार संध्याकाळी उतरलेच पाहिजेत. नाहीतर तांब्यावर हिरवा कळंक चढतो.

चौरंगावर मांडायची ती आयुधं अगदी छोटी. आयरिस कात्री, पाच नंबरच्या चिमट्यांची जोडी, ब्लेडचं पाकीट, काचेच्या ओढलेल्या नळ्या. पाच नंबरचा चिमटा एकदा फरशीवर टोकावर पडला की त्याची टोकं पुन्हा नीट मिटत नाहीत. ती सूक्ष्मदर्शकाखाली तेलाच्या दगडावर घासून जुळवायची कला वर्कशॉपच्या काकांकडे होती. टोकांवर सिलिकॉन नळीचा तुकडा चढवून ठेवायची सवयही त्यांचीच. नव्या मुलांना ते पहिल्याच भेटीत ब्लेड हातात द्यायचे आणि विचारायचे, "कोरं आहे का?" मुलं हो म्हणायची. काका कापसावर स्पिरिट घेऊन पातं पुसायचे, तर कापूस पिवळट व्हायचा. कारखान्यातून ब्लेडला तेल लावून येतं. ते तेल न काढता कापलं तर ऊतींच्या पृष्ठभागावरच्या पेशी मरतात आणि दोष द्रावणाला दिला जातो.

द्रावणाचं खातं स्टोअरच्या बाईंचं. मेंदूचे काप ज्यात जिवंत ठेवायचे ते कृत्रिम मेरुद्रव करायचं म्हणजे मिठाचं पाणी करायचं, असं पहिल्या महिन्यात सगळ्यांना वाटतं. लिटरला सोडियम क्लोराइड १२४ मिलिमोल, पोटॅशियम ३, बायकार्बोनेट २५, ग्लुकोज ३०, शिवाय थोडं फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि दीड मिलिमोल कॅल्शियम. यात क्रम चुकला की संपलं. आधी कार्बोजेनचे बुडबुडे सोडायचे, आम्लता (पीएच) ७.४ ला स्थिरावू द्यायची आणि कॅल्शियम सगळ्यात शेवटी घालायचं. घाई केली तर द्रावण दुधाळ होतं, कारण कॅल्शियम कार्बोनेट आणि फॉस्फेट बनून खाली बसतं. दुसरी खोच खास मुंबईची. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी इतकं ओढतं की जुलैमध्ये तराजूवर ठेवलेली भुकटी डोळ्यांदेखत ओलसर होते. वजन बरोबर, पण त्यातलं निम्मं पाणी. म्हणून बाई बाटली फोडल्याबरोबर त्याच दिवशी लिटरला एक मोलचं द्रावण करून ठेवत आणि नंतर फक्त पिपेटने मोजून घेऊ देत. त्यांच्या कपाटाची किल्ली मागायची कोणाची छाती नव्हती.

मामांचा हिशेब याहून लांबचा. प्रयोगाला उंदराची, म्हणजे रॅटची, ० ते ४ दिवसांची पिल्लं लागतात. त्याहून मोठ्या पिल्लाच्या मेंदूच्या चकतीला नुसत्या द्रावणातून पुरेसा ऑक्सिजन पोचणं अवघड जातं. गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा. दसऱ्यानंतर काम सुरू करायचं असेल, तर जोड्या अनंत चतुर्दशी उलटल्यावर लगेच लावायला हव्यात. "पितृपक्षात लग्नं लावणारा अख्ख्या मुंबईत मी एकटाच भटजी," हे मामांचं वाक्य दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी तितकंच हसू यायचं. नैतिकता समितीने मंजूर केलेल्या संख्येचं रजिस्टरही त्यांच्याच हाती. एक पिल्लू जास्त मागितलं तर ते रजिस्टर उघडून समोर धरायचे. बोलायचे काही नाहीत.

खंडेनवमीला हत्यार चालवायचं नाही, म्हणून त्या दिवशी प्रयोग नसे. त्याऐवजी कपाटातून जुना कायमोग्राफ, म्हणजे फिरत्या ड्रमवर लेखणीने रेघ काढणारं यंत्र, निघायचा आणि पोराटोरांची झुंबड उडायची. चकचकीत कागद ड्रमवर घट्ट गुंडाळायचा. त्याचा जोड फिरण्याच्या दिशेने असावा, नाहीतर लेखणीचं टोक तिथेच अडकतं. मग रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर ड्रम फिरवत काजळी धरायची, तीही तपकिरी दिसेल इतकीच पातळ. गडद काळी झाली की लेखणी त्यात रुतते आणि श्वासाची रेघ आखूड येते. छातीला पन्हाळीदार रबरी नळी बांधायची, तिचं दुसरं टोक मारेच्या टॅम्बूरला, म्हणजे लेखणी हलवणाऱ्या पडद्याच्या डबीला, जोडायचं आणि ड्रम सावकाश सोडायचा.

पोरांचा पहिला गोंधळ ठरलेला. श्वास आत घेतला की रेघ वर जाईल असं वाटतं, ती जाते खाली. छाती फुगली की नळी ताणली जाते, आतला दाब उतरतो, टॅम्बूरचा पडदा खाली बसतो. हे पटलं की पाण्याचा पेला हातात. घोट घेताना रेघ सपाट होते. गिळताना मेंदू श्वास थांबवतो, आणि आपल्याला जन्मभर पत्ता नसतो. मग एखाद्या आजोबांना आरती म्हणायला लावायची. एरवी श्वास आत घ्यायला आणि सोडायला लागणाऱ्या वेळात फार फरक नसतो. आरतीत मात्र झटक्यात आत आणि लांबलचक बाहेर. इथे वरच्या मेंदूने कारभार हाती घेतलेला असतो. आरती संपून आजोबा बसले, की चार-पाच श्वासांत खालचा मेंदू कारभार परत घेतो आणि रेघ पुन्हा आळशी लाटांची होते.

एक प्रयोग मात्र मॅडम लहान मुलांना करू देत नसत. मिनिटभर जोरजोरात श्वास घेऊन मग दम रोखायचा. दम जास्त वेळ रोखता येतो खरा, पण ऑक्सिजन वाढला म्हणून नव्हे. कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, आणि श्वास घ्यायचा हुकूम सुटतो तो मुख्यतः त्याच्या वाढीवर. हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच दाखवलं. खुर्चीवर बसून केलं तर ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते. तरणतलावात केलं तर इशारा मिळायच्या आधीच ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते. दादरच्या तलावावर पैजा लावणारी पोरं दरवर्षी गर्दीत असायची, म्हणून हे दरवर्षी सांगावं लागायचं. तेवढी दोन मिनिटं मॅडमचा आवाज चढायचा.

उपासाची साबुदाणा खिचडी आणि बटाट्याची भाजी फिरू लागली की नावाची गोष्ट निघायची. श्वासाची लय जिथे जन्मते तो मेड्युलातला, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या भागातला, पेशींचा ठिपका १९९१ मध्ये जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. त्याचं नाव प्री-बोट्झिंगर संकुल, कारण त्याच्या शेजारच्या भागाला आधीच बोट्झिंगर म्हटलेलं होतं. आणि ते नाव आलं जर्मनीतल्या एका परिषदेच्या जेवणात टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून. "ते जेवण इथे झालं असतं तर अख्ख्या जगाने पूर्व-साबुदाणा संकुल म्हटलं असतं," असं कोणीतरी म्हणायचंच.

भिंतीवर फोटो होता तो अवतार सिंग पेंटल यांचा. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधला हा माणूस फुप्फुसाच्या केशवाहिन्यांलगतचे जे-रिसेप्टर नावाचे संवेदक शोधणारा. १९८१ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झालेला. त्याच्याबद्दल भाषण कधी झालं नाही. फोटोची काच मात्र मामा आदल्या दिवशी पुसायचे.

संध्याकाळी कायमोग्राफचे कागद स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेतून काढून दोरीवर वाळत घातले जायचे. प्रत्येकावर दाभणाने नाव कोरलेलं. काजळीवर बोट लागलं की श्वास पुसला जातो, म्हणून पोरं हात मागे बांधून उभी राहायची.

दसरा उलटला की पहिल्या चकतीचा दिवस. पूर्ण भूल दिलेल्या पिल्लाचा मस्तिष्कस्तंभ थंड द्रावणात काढायचा. तळ टिपकागदाने कोरडा केल्याशिवाय गोंद धरत नाही. थरथरत्या पात्याने काप काढणाऱ्या व्हायब्रेटोमवर वरच्या बाजूने पातळ काप काढत यायचं आणि दर कापाला सूक्ष्मदर्शकातून खूण शोधायची. चेहऱ्याच्या स्नायूंचं केंद्र संपलं, खालची ऑलिव्ह नावाचं दुसरं केंद्र दिसू लागलं, की थांबायचं आणि सुमारे ५०० मायक्रॉनची एक जाड चकती घ्यायची. एखादा काप जास्त काढला तर लयीची जागाच कचऱ्यात जाते. एखादा कमी काढला तर चकतीच्या पोटात ती दबून राहते आणि द्रावण तिथवर पोचत नाही. लय जिथून ऐकायची त्या जिभेच्या बाराव्या मज्जातंतूचं मूळ कापताना तुटलं, तर चकती उत्तम असूनही ऐकायला कानच उरत नाही.

मुळाला काचेच्या नळीने हलकेच शोषून धरायचं. क्लोरीनच्या पाण्यात तपकिरी-करडी न केलेली चांदीची तार असेल तर पायारेषा सरकत राहते. अर्थिंग दोन ठिकाणी दिलं असेल तर ५० हर्ट्झची गुणगुण सुरू होते. ती कुठून येते हे शोधायला काका एकेक प्लग काढत लिफ्टपर्यंत जायचे. सगळं शांत झालं की २७ अंशांवर पोटॅशियम ३ वरून ९ मिलिमोलवर न्यायचं आणि अर्धा तास थांबायचं. त्या अर्ध्या तासात कोणी टेबलाला टेकायचं नाही.

मग स्पीकरमधून फस्स असा आवाज. पाच-सहा सेकंदांनी पुन्हा फस्स. फुप्फुसं नाहीत, छाती नाही, नाक नाही, तरी श्वासाचा हुकूम चालूच. दारात उभे असलेले मामा तो ऐकून जाळीपाशी यायचे आणि तारांत अडकलेली झेंडूची सुकी पाकळी चिमट्याने ओढून काढायचे. पाच नंबरच्या नाही. त्यासाठी काकांनी वेगळा जाड चिमटा खिळ्याला टांगून ठेवला होता.